नागपूर आणि आगगाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही काही जण नागपूर स्टेशन, लोहापूल, संत्रा मार्केट या भागातून पायी फेरी काढतो आणि येणाऱ्यांना जुन्या रेल्वेच्या खुणा दाखवतो. फेरी संपली की प्रश्न सुरू होतात, आणि पुढचे आठ दिवस फोनवर येतच राहतात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा भाग दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नागपुरात पहिली आगगाडी कधी आली?

१८६७ साली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या तोंडची 'जी.आय.पी.', या कंपनीची भुसावळहून निघालेली शाखा अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूरला पोहोचली. आज आपण पाहतो ती वालुकाश्माची स्टेशन इमारत तेव्हाची नाही. तिचं उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते झालं. दगड सावनेरचा आहे.

२. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ला धावली. मग नागपूरला यायला चौदा वर्षं का लागली?

१६ एप्रिल १८५३ ची ती गाडी सपाटीवरून ३४ किलोमीटर गेली. त्यापुढे सह्याद्री आडवा होता. नागपूरकडे यायचं तर थळ घाट, म्हणजे कसारा, चढणं भाग होतं आणि तो मार्ग १८६५ साली खुला झाला. घाटानंतर खानदेश आणि वऱ्हाडची सपाटी लागली, तिथे काम भराभर झालं. नागपूर दोनच वर्षांत गाठलं, यावरून घाटाने किती वेळ खाल्ला ते समजतं.

सामानाचाही प्रश्न होता. इंजिनं आणि रूळ विलायतेहून जहाजाने यायचे. रुळाखालचे लाकडी स्लीपर मात्र मोठ्या प्रमाणात इथल्या जंगलांतून निघाले. साग आणि साल इतका तुटला की सरकारलाच धास्ती बसली. १८६४ मध्ये जंगल खातं आणि १८६५ मध्ये पहिला जंगल कायदा आला, त्यामागे स्लीपरचं लाकूड पुढेही मिळत राहावं ही चिंता होती. गोंड, कोरकू माणसाचा रानातला मोकळा वावर कायद्याने आवळला गेला, त्याचं एक टोक असं रुळाखाली सापडतं. शाळेच्या पुस्तकात घाट असतो, पूल असतो, पण हे टोक क्वचितच असतं. म्हणून मी प्रत्येक फेरीत ते मुद्दाम सांगतो.

३. पैसा कुणाचा होता? इंग्रजांनी आपल्या खर्चाने रेल्वे बांधून दिली असं म्हणतात.

भांडवल विलायतेतल्या भागधारकांचं, जोखीम आपली. सरकारने कंपन्यांना जमीन फुकट दिली आणि गुंतवलेल्या रकमेवर वर्षाला ५ टक्के व्याजाची हमी दिली. नफा तेवढा झाला नाही तर तूट सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या शेतसाऱ्यातून आणि मिठावरच्या करातून भरली जायची. हमी असल्यावर काटकसर कोण करतो? मैलामागचा खर्च फुगत गेला. दादाभाई नौरोजींनी देशातून बाहेर जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब मांडला, त्यात रेल्वेच्या व्याजाचीही रक्कम धरली होती.

४. रेल्वे इकडे आणण्याचं खरं कारण काय?

कापूस. सैन्य लवकर हलवता यावं हेही होतं आणि १८५७ नंतर त्याला जास्तच वजन आलं. पण वऱ्हाड-नागपूरकडे वळलेल्या या शाखेचं पोट कापसावरच भरणार होतं. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरमध्ये चाती थांबली. त्या चार वर्षांत वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हता असा भाव मिळाला.

१८६५ ला लढाई संपली, भाव कोसळला, मुंबईत सट्ट्यात पैसा घातलेले बुडाले. आपली गाडी आली १८६७ ला. तेजीचा पैसा तिने वाहिलाच नाही. तिने वाहिलं ते तेजीनंतरचं जग: ज्वारीच्या रानात शिरलेला कापूस, त्यासाठी काढलेलं सावकाराचं कर्ज, आणि तारेवरून येणारा लिव्हरपूलचा भाव. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या कापसाचा दाम समुद्रापलीकडे ठरायला लागला तो या काळात.

५. मग नागपूरचं राज्य रेल्वेसाठीच खालसा केलं का?

असं सरळ म्हणता येणार नाही. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये गेले, औरस वारस नव्हता, दत्तक मानला गेला नाही आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. दाखवलेलं कारण वारसाचं होतं. पण डलहौसीच्या टिपणात इंग्लंडच्या कापसाच्या गरजेचाही उल्लेख आहे, आणि हिंदुस्थानभर मुख्य रेल्वेमार्ग कसे असावेत याचं त्याचं प्रसिद्ध टिपण एप्रिल १८५३ चं, म्हणजे रघुजी वारले त्याच वर्षीचं. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं तेही १८५३ मध्येच. एकाच माणसाच्या मेजावर, एकाच वर्षात ही कागदपत्रं होती. माझं मत विचाराल तर रेल्वे हे खालसा करण्याचं कारण नसेल, पण राज्य हाती आल्यावर त्याचं काय करायचं हे आधीच ठरलेलं होतं.

६. रेल्वेच्या आधी कापूस जायचा कसा? आणि ती वाहतूक करणाऱ्यांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

कापूस बैलाच्या पाठीवरून जायचा. अमरावतीचा माल गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई, साधारण ८०० किलोमीटर, आणि तिथून नावेने कलकत्त्याला. ही वाहतूक प्रामुख्याने बंजाऱ्यांची, लमाणांची होती. एका तांड्यात शेकडो, कधी हजारो बैल, पुढे नायक, बरोबर बायकापोरं. जाताना धान्य किंवा कापूस, येताना मीठ. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजून दुप्पट जड व्हायचा, बैल बसायचे आणि रात्रीच्या मुक्कामात बैलच त्यातला कापूस ओढून खायचे. लादलेला बैल दिवसाला १५-२० किलोमीटर चालतो असं धरा आणि नागपूर ते मुंबई ८३७ किलोमीटरला भागा: दीड महिना, तेही काही बिघडलं नाही तर. गाडीने हे अंतर काही दिवसांवर आणलं, आणि पावसाळ्यातही.

लमाणांचा धंदा एका पिढीत गेला. हजार बैलांचं करायचं काय? काही शेतमजुरीत गेले, काही रस्त्याच्या आणि रुळाच्याच खडी फोडण्यावर लागले, काही रानाकडेला तांडा करून राहिले. वर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पुढे काही प्रांतांत बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. फिरण्यावर ज्यांचं पोट होतं, त्यांचं फिरणंच संशयास्पद ठरलं.

यवतमाळ-वाशीमकडचे आजचे तांडे या इतिहासातून स्थिरावले आहेत. पुसदजवळच्या गहुलीतल्या अशाच बंजारा घरातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. गेल्या वर्षी फेरीत दिग्रसकडचा एक मुलगा आला होता. मी हे सांगत असताना तो म्हणाला, 'आमची आजी अजून बैलाच्या गळ्यातल्या घंटा पेटीत ठेवते, कशाच्या ते आम्हाला माहीतच नव्हतं.'

७. अमरावती एवढं मोठं गाव, तरी मेन लाइनवर का नाही?

मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून काढला गेला आणि अमरावतीला तिथून छोटी फांदी दिली, १८७१ च्या सुमारास. खामगावचंही तसंच: जलंबहून फांदी, १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आले होते. नागपूरचं मेयो हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं. बाजार आधीपासून होता तिथे फांदी गेली. बाजार नव्हता तिथे स्टेशनने गाव वाढवलं. वर्धा शहर बघा. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी ते १८६६ मध्ये आखून वसवलं, जिल्ह्याचं ठाणं तिथे आणलं आणि पाठोपाठ गाडी आली. पुलगाव, धामणगाव इथे स्टेशनच्या अंगाला कापसाची सरकी काढणारे आणि गठाणी बांधणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. गठाण दाबून बांधली की एका डब्यात कितीतरी जास्त माल बसतो, त्यामुळे प्रेस मालधक्क्याजवळच हवा.

८. एम्प्रेस मिल आणि रेल्वेचा काय संबंध?

जमशेदजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढली, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला. गणित साधं होतं. कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा. वर्धा-हिंगणघाट-वरोरा लाइन १८७० च्या दशकात टाकली गेली ती कोळशासाठीच. तयार कापड न्यायला दारात जी.आय.पी.ची गाडी. टाटांची कंपनी १८७४ मध्ये निघाली, गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस.

आणखी एक धागा: गिरणीचा कारभार टाटांनी ज्यांच्या हाती दिला ते बेझनजी मेहता जी.आय.पी.च्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते. सूत कातायचं ज्ञान त्यांना नव्हतं, पण माल कुठून कुठे आणि किती वेळात जातो हे पक्कं माहीत होतं.

याची दुसरी बाजू इतवारी-महालातल्या कोष्ट्यांची. नागपूर, उमरेड, पवनीचे हातमागाचे रेशीमकाठी धोतरजोडे आणि लुगडी प्रसिद्ध होती. गाडीने आधी मँचेस्टरचं स्वस्त कापड आणलं, मग दारातच गिरणी आली. ज्यांच्या घरी माग होते त्यांची मुलं गिरणीच्या भोंग्यावर घराबाहेर पडू लागली. गिरणीही पुढे बंद पडली. गांधीसागरजवळ तिच्या जागेवर आता मॉल आहे.

९. रेल्वेने नागपूरचे दोन तुकडे केले हे खरं का?

शहर दुभंगलेलं आधीपासूनच होतं. पूर्वेला भोसल्यांचं महाल, इतवारी; पश्चिमेला सीताबर्डीचा किल्ला, आणि १८१७ च्या लढाईनंतर तिथे इंग्रजांचं बस्तान. रूळ नेमके या दोघांच्या मधून गेले. आधी मोकळी जागा होती, ओलांडता येत होती. आता लोखंडी कुंपण झालं. लोहापुलाखालून पावसात गुडघाभर पाण्यातून सायकल काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. कचेरी, कोर्ट, बंगले एका बाजूला. बाजार, गिरणी, कॉटन मार्केट, दाट वस्ती दुसऱ्या बाजूला. रुळांवरच्या रामझुला पुलावरून जाताना दोन्हीकडे पाहा, दीडशे वर्षांनंतरही घरांची उंची आणि झाडांची गर्दी वेगळी दिसते.

१०. रेल्वे येण्याआधी नागपूरची वेळ वेगळी होती का?

होती. प्रत्येक गावाची दुपार त्याच्या डोक्यावरच्या सूर्याने ठरायची. रेखांशाने हिशेब केला तर नागपूर मुंबईच्या सुमारे २५ मिनिटं पुढे येतं. गाडीला असं चालत नाही. एकाच रुळावर दोन घड्याळं म्हणजे समोरासमोर टक्कर. म्हणून देशभरातल्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती नागपूरच्या सूर्याच्या साधारण ५ मिनिटं पुढे. १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ आली आणि नागपूरचा सूर्य घड्याळाच्या १४ मिनिटं मागे पडला. आपल्याकडे पूर्वी वेळ प्रहर, घटकांत सांगत. 'सातची गाडी चुकली' हे वाक्य घटकांत बोलता येत नाही. मिनिटाला किंमत आली ती स्टेशनवर.

११. आगगाडीने जातपात मोडली असं म्हणतात. कितपत खरं?

थर्ड क्लासच्या बाकावर कोण कुणाशेजारी बसेल हे कंपनीने जातीवर ठरवलं नाही. कंपनीची सगळ्यांत जास्त प्रवासी-कमाई थर्डचीच होती, तिला बाक भरायचे होते. यात्रेला, लग्नाला, मजुरीला लोक निघाले आणि खांद्याला खांदा लागला. पण स्टेशनवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं असे, आणि गोऱ्यांसाठी डबे राखीव असत.

खरं उत्तर मला एका प्रसंगात दिसतं. १९०१ साली शाळकरी वयाचे भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला आगगाडीने निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. कपडे नीटनेटके, स्टेशन मास्तर आधी आपुलकीने बोलला. जात कळताच मागे सरला. गावाला न्यायला एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालणार या अटीवर. रुळावर तिकीट पुरेसं होतं. फलाट संपला तिथे गाव सुरू झालं.

त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लाखो माणसं इथे आली, त्यात आगगाडीने आलेल्यांची मोठी गर्दी होती. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अजनी आणि नागपूर स्टेशनवर पांढऱ्या कपड्यांतली रांग दीक्षाभूमीकडे निघते. माझी आई अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची. त्या दिवसांत नळाला पाईप लावून फाटकापाशी पाणी द्यायचं काम तिच्याकडे असे, वेगळं पाणी कुणाचंच नाही. ती हे अभिमानाने सांगते.

१२. दुष्काळात रेल्वेने माणसं वाचवली की धान्य बाहेर नेलं?

दोन्ही, आणि म्हणूनच एका वाक्यात उत्तर मागू नका. छत्तीसगड हे भाताचं कोठार, पण बाहेर न्यायला वाट नाही. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० मध्ये राजनांदगावपर्यंत पोहोचली आणि ते धान्य बाजारात आलं. १८८० च्या दुष्काळ आयोगाने तर रेल्वे वाढवणं हाच दुष्काळावरचा मोठा उपाय म्हणून सांगितला. धान्य जिथे नाही तिथे ते आठवड्यात पोहोचू लागलं, हे खरंच आहे.

पण गाडी धान्य नेते ते भाव असेल तिकडे. पूर्वी चांगल्या वर्षाचं धान्य गावच्या पेवात राहायचं, कारण न्यायची सोय नव्हती. आता ते स्टेशनवर जाऊ लागलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात रूळ होते, गाड्या होत्या, धान्य आणताही येत होतं. तरी माणसं मेली, कारण मजुराच्या हातात ते विकत घ्यायला पैसा नव्हता. धान्याचा दुष्काळ पैशाचा दुष्काळ झाला.

१३. बंगाल नागपूर रेल्वेचं मुख्यालय नागपुरात होतं ना?

नाही, कलकत्त्याला. नावात नागपूर आहे ते टोक म्हणून. १८८७ मध्ये निघालेल्या या कंपनीने प्रश्न १२ मधली नागपूर-छत्तीसगडची मीटर गेज (अरुंद रुळांची, प्रश्न १४ पाहा) लाइन घेतली, ब्रॉड गेज केली आणि १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत जोडली. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं.

नागपूरला दोन कंपन्या भेटल्या, आणि एकाच शहरात 'नागपूर विभाग' नावाचे दोन रेल्वे विभाग आजही आहेत ते यामुळेच: जी.आय.पी.चा वारसा मध्य रेल्वेकडे, बंगाल नागपूरचा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. अर्ज कुठल्या कचेरीत करायचा यात लोक दिवस घालवतात. ते कोडं १८८७ चं आहे. कंपनीबरोबर बंगाली आणि तेलुगू कुटुंबं आली, आणि धंतोलीतली दुर्गापूजा त्या बंगाली घरांची.

१४. 'छोटी लाइन' वेगळी का टाकली? सगळीकडे मोठीच का नाही?

खर्च. दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज: ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटर, मीटर गेज १,०००, आणि आपली छोटी लाइन ७६२. रूळ हलके, वळणं आवळ, पूल लहान, त्यामुळे सातपुड्याच्या डोंगरात आणि कमी मालाच्या भागात तीच परवडे. गोंदिया-जबलपूर १९०३ ते १९०५ मध्ये झाली, इतवारी-नागभीड १९०८ मध्ये. तोटा असा की गेज बदललं की माल उतरवून पुन्हा भरायचा, हमालांच्या पाठीवर. नागभीडची गाडी नोव्हेंबर २०१९ पर्यंत धावली, मग रुंदीकरणासाठी थांबली.

१५. 'शकुंतला' अजून इंग्रजांची आहे आणि आपण त्यांना भाडं भरतो, हे खरं का?

सांगण्यात अर्धं खरं असतं. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही छोटी लाइन किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालच्या खासगी कंपनीने कापसासाठी टाकली आणि रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणात ती राहून गेली, एवढं खरं. करार करून सरकारी रेल्वे ती चालवत होती. पण किलिक निक्सन ही ब्रिटिशांनी मुंबईत काढलेली पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे आली. लंडनला पैसा जातो हे चित्र म्हणून बरोबर नाही. या लाइनवर १९२१ चं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं.

१६. नागपूरचं डायमंड क्रॉसिंग देशात एकमेव आहे का? आणि रेल्वेची अंतरं झिरो माईलवरून मोजतात का?

दोन्हींचं उत्तर नाही. दोन रूळ एकमेकांना छेदून जातात त्या जागेला डायमंड म्हणतात आणि मोठ्या यार्डात असे छेद असतातच. नागपूरचं वेगळेपण असं की इथे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे देशाचे दोन मोठे मार्ग भेटतात. झिरो माईलचा खांब मोजणी खात्याच्या कामाचा. नागपूरच्या फलाटाजवळचा किलोमीटरचा दगड मुंबईपासून मोजतो: ८३७ च्या आसपास.

१७. हे सगळं आज प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

मोतीबागचं नॅरो गेज रेल्वे संग्रहालय, २००२ पासून खुलं. मुलांना घेऊन जा, छोट्या डब्याच्या दारात उभं राहिलं की मोठ्या माणसाचं डोकं लागतं. स्टेशनच्या पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर सावनेरच्या दगडाचे चिरे हात लावून पाहा. बाहेरच्या बाजूला छिन्नीचे तिरके घाव अजून बोटाला लागतात.

आणि कुठल्याही जुन्या रेल्वे कॉलनीत कुंपणाचे खांब नीट बघा. बाद झालेल्या रुळांचे तुकडे उभे पुरून ते केलेले असतात. चुन्याचा थर नखाने खरवडला की रुळाच्या कमरेवर उठावाची अक्षरं सापडतात: कारखान्याचं नाव, साल, कधी रेल्वेची आद्याक्षरं. अजनीत आईच्या क्वार्टरमागे असा एक खांब होता, कपड्यांची दोरी बांधायचा. त्यावरचं साल मी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासतात तसं वहीत उतरवून घेतलं होतं. तुम्हाला असा तुकडा सापडला तर कागद आणि शिसपेन्सिल बरोबर ठेवा, आणि रविवारी घेऊन या.